पायथा पक्का, कागदावर

टोकावड्याजवळच्या ओढ्यावरचा लोखंडी साकव संगणकात झटक्यात उभा राहतो. बुडाला एक क्लिक मारली की पाया ‘फिक्स्ड’; मग आषाढात ओढा कितीही फुगो, मुरूम काही वाहून जात नाही. अबॅकससारखं सॉफ्टवेअर एककंसुद्धा विचारत नाही. मापं मिलिमीटर-न्यूटनमध्ये असतील, तर पोलादाची घनता दशांशचिन्हापुढे आठ शून्यं आणि मग ७८५. सवयीनं किलो-मीटरमधलं ७८५० टाकलं, की साकव स्वतःच्याच वजनानं पाताळात! तेही रंगीत, अहवालात छापण्याजोगं. उत्तर बरोबर असो वा चूक, कमी ताणाचा निळा रंग जास्त दिसला की साहेबांची सही होते. संगणकातल्या साकवाची जाळी बारीक केल्यावर ताण बदलतो का, हे विचारतो कोण? साहेब, सहीआधी एकदा भर पावसात ओढ्यावर येऊन जा.