वाऱ्याशी उभा दावा

पेट्रोल महागलं की लोक सरकारला शिव्या देतात. आमचे सासरे वाऱ्याला देतात. कारखान्यात जन्मभर ड्रॉइंग बोर्डापाशी उभ्या राहिलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर एक शत्रू हवा होता आणि प्रयोगाला एक गाडी. शत्रू फुकटच मिळाला. गाडी जावयाची होतीच.

"जावईबापू, वेग दुप्पट केलात की हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो रेटायला ताकद लागते आठपट! हे पैसे कोण भरतं?"

मीच भरत होतो. त्यामुळे गप्प बसलो.

मग मला १९३४ सालची चेकोस्लोव्हाकियातली टाट्रा ७७ दाखवण्यात आली. पुढून गोलसर, मागे निमुळती होत गेलेली. "पुढचं टोक निमुळतं हवं, ही अडाण्यांची समजूत. निमुळतं हवं ते बूड!" गाडीमागे हवेचे भोवरे उठतात, तिथला दाब कमी होतो आणि गाडी मागे ओढली जाते. आमच्या गाडीचं बूड सरळ कापलेलं. तिला चार फुटी शेपूट लावायचं ठरलं. पण ते पार्किंगमध्ये मावेना. तेव्हा, निमुळतं होत आलेलं शेपूट मध्येच छाटलं तरी फारसं बिघडत नाही, हे जर्मनीच्या वुनिबाल्ड काम यांचं संशोधन सासऱ्यांच्या मदतीला धावलं, आणि त्यांनी ते मुळापासूनच छाटलं.

गाडीचं पोट खडबडीत, तिथे हवा अडखळते. म्हणून निवडणुकीनंतर उरलेल्या सनपॅकच्या फलकांचा तळ ठोकला. डिपॉझिट जप्त झालेला एक उमेदवार पोटाखालून हात जोडून रस्त्याला मत मागू लागला. होंडाने १९९९च्या इनसाइटची मागची चाकं झाकली होती. आम्ही चारही झाकली, स्टीलच्या परातींनी. एकीवर आमच्याच लग्नाची तारीख आणि आहेर देणाऱ्या आत्याबाईंचं नाव कोरलेलं होतं. पुढची जाळी पुठ्ठ्याने बंद केली.

पुण्यात याची परीक्षा घेणं शक्यच नव्हतं. लक्ष्मी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर हीच चैन, आणि त्या वेगाला हवेचा विरोध शंभरच्या मानाने पंचविसावा हिस्सा. तिथे पेट्रोल वारा पीत नाही, ब्रेक पितो. म्हणून एक्सप्रेसवेने मुंबईला जाऊन यायचं ठरलं.

निघण्याआधीच सासूबाईंनी पराती उतरवून नेल्या. घरी पाहुणे जेवायला होते. उमेदवार सोसायटीच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावर दुसऱ्यांदा पडले. परतताना बोरघाटात तापमानाचा काटा चढला. "थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं, तापू दे," असं सासऱ्यांनी दोन वळणं सांगून पाहिलं. मग बॉनेटमधून वाफ यायच्या आत स्वतःच उतरून पुठ्ठा फाडला.

म्हणजे घरी पोचलो तेव्हा गाडी कंपनीतून निघाली तशीच होती. तरीही ॲव्हरेज चांगलंच वाढलेलं!

सासरे विजयी मुद्रेने कागदावर आकडे मांडत बसले. कारण मला ठाऊक होतं. शंभरची परवानगी असलेल्या रस्त्यावर काटा ऐंशीपुढे सरकला की शेजारून "जावईबापू!" एवढंच ऐकू यायचं. शंभराऐवजी ऐंशीने गेलं की हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे वाऱ्यावरचा सगळ्यात गुणकारी उपाय पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला होता.

फक्त हा उपाय पुठ्ठ्यासारखा मध्येच काढून टाकता येत नाही.