टाकी कोणाची?

बडोद्याहून कोयलीला जाताना आधी टँकरांची रांग लागते आणि मग रिफायनरीच्या गोल, बसक्या, अवाढव्य टाक्या दिसतात. तेलाच्या धंद्यात अशा जागेला 'टँक फार्म' म्हणतात. पीक बारमाही, पावसाची फिकीर नाही. अशा काही टाक्यांची छपरं तेलावर तरंगतात: तेल वाढलं की छप्पर वर, उपसलं की खाली, मध्ये वाफ साठायला जागाच उरू नये म्हणून. भाडेकरूच्या उंचीप्रमाणे छत हलवणारा घरमालक बडोद्यात अजून कोणाला भेटलेला नाही.

इथल्या मराठी घरांत कंपनीतला तो टँक आणि गच्चीवरची ती टाकी. टँक पगार आणतो; टाकी भरून वाहते आणि खालच्या मजल्यावरून हाका येतात. कारेलीबागेत तर 'पाणीनी टांकी' हा पत्ताच आहे. तिथं टँक म्हणून विचारलं तर रिक्षावाला कोयलीचं भाडं सांगायचा.

गंमत अशी की या टँकचं मूळ सांगताना इंग्रजी कोशच गुजरातीतल्या 'टांकुं'कडे आणि आपल्या 'टाकें'कडे बोट दाखवतात. अर्थात पोर्तुगीज मंडळीही हक्क सांगायला उभी आहेत. त्यांचा 'तांके' म्हणजे अडवून ठेवलेलं पाणी, आणि त्याचं घराणं थेट लॅटिनपर्यंत जातं. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात दोन्ही बाजूंची कैफियत आहे. पश्चिम किनाऱ्यावर हे दोन सारखे दिसणारे शब्द भेटले आणि एकमेकांत मिसळले, असं मानणं सोयीचं. पण सोयीचं मानायला मी काही न्यायाधीश नाही. मी वादीच्या गावचा.

पुरावा म्हणून कान्हेरीच्या लेण्यांतली कातळात कोरलेली पाण्याची टाकी दाखवावीत, तर तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलेलं. आपलाच साक्षीदार फितूर! मग दुसरा उभा करावा लागतो: पाथरवटाची छिन्नी. तिचंही नाव टाकी, आणि तिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी आणि टंक म्हणजे नाणंही. म्हणून आपली टाकसाळ, आणि म्हणूनच बहुधा टंकलेखन. रिफायनरीच्या कचेरीत टँकांचा हिशेब टंकलिखित करणाऱ्या कारकुनाला हे कोणी सांगितलं असतं, तर त्यानं पगारवाढच मागितली असती.

पुढं या पाणीदार शब्दाला लोखंडी पट्टे आणि तोफा लागल्या. १९१५ साली ब्रिटनमध्ये एक चिलखती गाडी गुपचूप तयार होत होती. तिला नाव असं हवं होतं की शत्रूला सुगावा लागू नये. 'सिस्टर्न', 'रेझर्व्हॉयर' अशी नावं सुचली, मागे पडली, आणि 'टँक' पक्कं झालं. कारखान्यात सांगितलं गेलं की या मेसोपोटेमियाला पाणी नेणाऱ्या टाक्या आहेत. काहींवर तर रशियन अक्षरांत 'सांभाळून, पेत्रोग्राड' असंही रंगवलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत या 'टाक्या' चिखलातून रांगत बाहेर आल्या तेव्हा थाप उघडी पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या पेत्रोग्राडच्या देशाची माणसं पुढं खरोखरच कोयलीला आली, टाक्या बांधायला. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं होतं; सोव्हिएत मदतीनं उभी राहिलेली ही रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. आता रशियन भाषेत 'टँक' म्हटलं की एरवी तोफवालाच डोळ्यांपुढं येतो. तेल साठवतात ते 'रेझर्व्हुआर'मध्ये, म्हणजे इंग्रजांनी टाकून दिलेलं नावच तिथं कामाला लागलेलं. शीतयुद्ध ऐन रंगात, आणि गुजरातेतल्या एका गावात टेबलाच्या एका बाजूला 'टँक किती आणि कुठं उभे करायचे?' विचारणारे भारतीय इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला रशियन. मधल्या दुभाष्यानं आठवणी लिहिल्या असतील तर त्या मला वाचायच्या आहेत.