परराष्ट्र खात्याचे ट्रम्पेट

शीतयुद्धात अमेरिकेला शोध लागला, की क्षेपणास्त्रापेक्षा जॅझ स्वस्त पडतो. परराष्ट्र खात्याने १९५६ साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींचा काळ्या-गोऱ्या वादकांचा ताफा परदेशी धाडला: पाहा, आमच्याकडे कसा सलोखा नांदतो! हाच ताफा अलाबामातल्या एखाद्या हॉटेलात एकत्र उतरू शकला असता का, हे कार्यक्रमपत्रिकेत छापण्याची पद्धत नव्हती. पुढच्याच वर्षी आर्कन्सॉ राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू न देण्यासाठी गव्हर्नरने सैनिक उभे केले आणि जॅझचे विख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी निषेध म्हणून सरकारी सोव्हिएत दौऱ्याला चक्क नकार दिला. वाद्य बोलायला लागले, की वाजवणाऱ्या सरकारची पंचाईत होते ती अशी.

यावर सांस्कृतिक खात्यांचे ठरलेले उत्तर असते: कला माणसे जोडते, त्यात राजकारण कशाला? जोडते, नाही कोण म्हणतो? जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात वाजवून गेले, ते ऐकणाऱ्यांचा आनंद अस्सलच होता. पण त्याचे श्रेय वादकांचे. खात्याने फक्त विमानाची तिकिटे काढली आणि पावती मात्र मैत्रीची फाडली. मैत्रीची ही तऱ्हा काँगोने जवळून पाहिली. १९६० च्या ऑक्टोबरअखेर तेच आर्मस्ट्राँग, आता परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर, तिथल्या राजधानीत, लिओपोल्डव्हिलमध्ये जल्लोषात वाजवत होते. पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा त्याच शहरात नजरकैदेत होते, आणि त्यांना विष घालण्याचा बेत अमेरिकेच्याच गुप्तहेर संस्थेत शिजत होता. खाते वेगळे, म्हणा.