तारांकित म्हातारपण

अमेरिकेत म्हातारपण महाग असलं तरी सोयीचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईला किंवा वडिलांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न पडला की मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा झिप कोड टाकायचा. आसपासची सगळी नर्सिंग होम हारीने उभी राहतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक ते पाच तारे चमकतात. दोघांत एक खोली घेतली तरी वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या पुढे जातो. एवढे पैसे मोजणाऱ्याला निदान तारे तरी मोजता यावेत, असा उदात्त विचार सरकारने डिसेंबर २००८ मध्ये केला. तेव्हापासून देशातली सुमारे पंधरा हजार नर्सिंग होम तारांकित आहेत. एक तारा मिळाला तरी तारांकितच म्हणायचं.

मराठी माणसाने या ताऱ्यांकडे लक्ष द्यावं, असे दिवस आता आले आहेत. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर पुण्या-मुंबईहून जे इंजिनिअर आणि डॉक्टर तिकडे गेले, त्यांतले पहिले आता ऐंशीच्या पुढे आहेत. तिकडच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' नावाचा स्वतंत्र कार्यक्रम होतो. न्यू जर्सीत काही नर्सिंग होमनी भारतीयांसाठी वेगळा विभागच काढला आहे, शाकाहारी जेवणासकट. वरणभाताची खात्री पटली की मुलगा ताऱ्यांकडे वळतो आणि चार तारे दिसले की फॉर्म भरायला घेतो. तारा उगवला कुठून, हे विचारत बसायला त्याला वेळ नसतो. हॉस्पिटलवाले दोन दिवसांत खाट रिकामी करा म्हणून मागे लागलेले असतात.

तारा उगवतो तीन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण म्हणजे सरकारी तपासणीत सापडलेले दोष. दुसरं, कर्मचाऱ्यांचं प्रमाण. तिसरं, काळजीच्या दर्जाचे आकडे: किती जणांना बेडसोर झाले, किती जण पडून जबर जखमी झाले, किती जणांना मनोविकारावरची औषधं चालू आहेत. हिशेब तपासणीच्या ताऱ्यांपासून सुरू होतो आणि उरलेल्या दोन खात्यांत उत्तम कामगिरी दिसली की तारे वाढत जातात. तपासनिसाने तीन तारे दिलेलं घर अशा रीतीने पाचांवर पोचू शकतं. आणि काळजीच्या दर्जाचे आकडे, विशेषतः पडण्या-झडण्याचे आणि जखमांचे, कोण भरतं? ज्याच्या घरात म्हातारा पडला, तोच. पोराने स्वतःचा पेपर स्वतः तपासून आईला प्रगतिपुस्तक दाखवावं, तसला हा कारभार आहे. फरक इतकाच की इथे प्रगतिपुस्तकावर सरकारचा शिक्का असतो.

तपासणीचे तारे तरी अस्सल असतील, असं वाटणाऱ्यांसाठी त्यांच्या वाटपाची पद्धत सांगायला हवी. प्रत्येक राज्यातल्या वरच्या १० टक्के घरांना पाच तारे मिळतात, तळातल्या २० टक्क्यांना एक, आणि मधली घरं दोन, तीन, चार ताऱ्यांमध्ये सारखी वाटून टाकली जातात. तुलना राज्यातल्या राज्यात. एखाद्या राज्यात जिकडेतिकडे पेशंट ओल्या चादरीत पडून असले, तरी दहा टक्क्यांचे पाच तारे पक्के. ज्यांच्या चादरी जरा कमी ओल्या, त्यांचे.

कर्मचाऱ्यांच्या आकड्यांची गोष्ट थोडी सुधारली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. २०१८ पर्यंत तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत किती नर्स होत्या, हे नर्सिंग होम स्वतःच लिहून द्यायचं. त्या दोन आठवड्यांत मनुष्यबळाचा नुसता महापूर लोटत असे. मग सरकारने पगारपत्रकांवरून हिशेब मागायला सुरुवात केली आणि पाणी एकदम ओसरलं. कैसर हेल्थ न्यूज या वृत्तसंस्थेने हे नवे आकडे तपासले तेव्हा दर दहांतल्या सात घरांमध्ये आधी सांगितल्यापेक्षा कमी माणसं निघाली. घट सरासरी १२ टक्के. शनिवार-रविवारी प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या नर्स आणखी ११ टक्क्यांनी कमी. म्हाताऱ्यांना बेडसोर सोमवार ते शुक्रवार या कार्यालयीन वेळेतच व्हावेत, अशी व्यवस्थापनाची अपेक्षा असावी.

पण खरी प्रतिभा दिसते ती तिसऱ्या खात्यात. शिकागो विद्यापीठातल्या प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा उद्योग केला. पडून जबर जखमी झाल्यामुळे हॉस्पिटलात भरती झालेल्या रुग्णांची बिलं मेडिकेअरकडे होती. त्यांनी ती घेतली आणि नर्सिंग होमने स्वतःच्या नोंदीत तेच पडणं लिहिलंय का, ते पाहिलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ५७.५ टक्के घटनाच नोंदल्या गेल्या होत्या. बाकीच्या आज्या हॉस्पिटलच्या बिलात पडल्या होत्या, नर्सिंग होमच्या कागदावर मात्र ठणठणीत उभ्या होत्या.

याहून नामी तो स्किझोफ्रेनियाचा किस्सा. स्मृतिभ्रंश झालेली माणसं रात्री ओरडतात, भटकतात, नर्सच्या अंगावर धावून जातात. चार माणसं हाताशी असली तर त्यांना फिरवून आणता येतं, बोलून शांत करता येतं. माणसं नसली तर मनोविकारावरची गोळी देता येते. गोळी स्वस्त पडते. रुग्णाला गुंगीत ठेवण्यासाठी औषध वापरू नये, असं १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना ही औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, अशी सगळ्यात कडक सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावली. तरी गोळ्या चालूच राहिल्या. म्हणून २०१२ पासून सरकारने कोणतं घर किती जणांना या गोळ्या देतं, ते जाहीर करायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ते ताऱ्यांच्या हिशेबात धरलं. आता स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला ही औषधं खरोखरच लागतात, तेव्हा त्याला या मोजणीतून वगळलं. सवलत अगदी रास्त होती.

आणि मग अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये स्किझोफ्रेनियाची जणू साथच आली. साधारणपणे हा आजार ऐन तारुण्यात डोकं वर काढतो. इथे तो पंचाऐंशीव्या वर्षी, दाखल झाल्यानंतर, गोळीची चिठ्ठी लिहायच्या सुमारास प्रकट होऊ लागला. न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये हिशेब मांडला: सर्वसाधारण लोकांत दीडशेत एकाला हा आजार असतो, नर्सिंग होममध्ये तो दर नऊ जणांत एकाला असल्याची नोंद होती. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ताऱ्यांमुळे होणारा हा बहुधा पहिलाच मनोविकार. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने या निदानांची झडती घ्यायचं ठरवलं. खोटी नोंद सापडली तर त्या घराचा दर्जाच्या खात्यातला तारा सहा महिन्यांसाठी एकावर आणायचा. सहा महिने झाले की ग्रहण सुटलं.

राहता राहिली प्रत्यक्ष तपासणी. हिची गंमत अशी की ती खरोखर चांगली असते. कायद्याने ती अचानक व्हायला हवी. तारीख आधी फोडणाऱ्याला दंड आहे. मात्र दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांहून जास्त अंतर नको, असाही नियम आहे, त्यामुळे गेल्या वेळी पाहुणे कधी आले होते, हे ठाऊक असलेल्या व्यवस्थापकाला पंचांगाची गरज पडत नाही. अकरावा महिना लागला की भिंती रंगतात, पडदे धुतले जातात, दीर्घ रजेवरच्या नर्स प्रकट होतात. आणि तपासनीस? सेनेटच्या ज्येष्ठ नागरिकविषयक समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यात ३२ राज्यांमध्ये तपासनिसांच्या २० टक्के किंवा त्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. ज्याने मनुष्यबळ कमी म्हणून शेरा मारायचा, त्याच्याच खात्यात मनुष्यबळ कमी.

तरीही तो येतो तेव्हा तीन-चार दिवस ठाण मांडतो, स्वयंपाकघरात फ्रीजचं तापमान बघतो, औषधांच्या गाडीमागून खोल्याखोल्यांतून फिरतो आणि सगळं मिनिटाबरहुकूम लिहून ठेवतो. या अहवालाचा फॉर्म क्रमांक २५६७. संकेतस्थळावर ताऱ्यांच्या खाली, दोनचार क्लिक पलीकडे, तो कुणालाही वाचता येतो, आणि अमेरिकेतलं इतकं परखड गद्य फारच कमी लोक वाचतात. नावं नसतात, 'रुग्ण क्रमांक १२' असतो. त्याने बेल कधी दाबली, दारावरचा दिवा किती वेळ जळत राहिला, समोरून कोण कोण निघून गेलं, आणि शेवटी आलेल्या मदतनीस बाई काय म्हणाल्या, हे सगळं त्यात असतं. विशेषणं शोधूनही सापडत नाहीत.

फॉर्मला दोन रकाने. डावीकडे तपासनिसाला दिसलेलं, उजवीकडे नर्सिंग होमची सुधारणा योजना. उजवा रकाना वाचताना आपल्याकडच्या महापालिकेचं उत्तर हाती पडल्यासारखं वाटतं. सुरुवातीलाच खुलासा: ही योजना सादर केली म्हणजे दोष मान्य केला असा अर्थ काढू नये. पुढे ठरलेलं स्तोत्र: संबंधित कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात आलं, दर आठवड्याला पडताळणी करण्यात येईल, निष्कर्ष दर्जा समितीपुढे ठेवण्यात येतील. डावीकडे बारा नंबर ओला पडलेला, उजवीकडे समितीची बैठक.

मग या दोषाला अक्षर मिळतं, ए पासून एल पर्यंत. इजा किती गंभीर आणि ती किती जणांपर्यंत पसरली, याच्या बारा चौकटी आहेत. इजा झाली नाही पण होऊ शकली असती, आणि तीही एखाद्यालाच, तर डी. एखाद्याला प्रत्यक्ष इजा झाली तर जी. जे, के आणि एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. बहुसंख्य दोष डी, ई, एफ या मधल्या पट्ट्यात येऊन विसावतात. हाडाची जखम आणि 'होऊ शकली असती' यांच्यातली सीमारेषा कुठे आखायची, यावर नर्सिंग होमचे वकील तपासनिसांशी तासन्‌तास हुज्जत घालू शकतात, आणि तशी हुज्जत घालण्याची अधिकृत सोयही सरकारने करून ठेवली आहे.

पंचतारांकित घरात काय होऊ शकतं, ते २०२० च्या फेब्रुवारीत सगळ्या देशाने पाहिलं. सिअ‍ॅटलजवळच्या कर्कलंडमधलं लाइफ केअर सेंटर हे कोविडच्या अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या उद्रेकाचं ठिकाण. त्याला तेव्हा एकूण पाच तारे होते. एप्रिल २०१९ च्या तपासणीत याच घरात संसर्ग रोखण्याच्या व्यवस्थेतला दोष नोंदला गेला होता. तो सुधारल्याची नोंदही झाली होती. उद्रेकानंतर केंद्राच्या पथकाने पाहणी केली, जिवाला तातडीचा धोका असल्याचे शेरे मारले आणि सहा लाख डॉलरहून अधिक दंड प्रस्तावित केला. इतका नवा विषाणू कुणालाच झेपला नसता, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. पण संसर्गाचा शेरा फॉर्ममध्ये लिहिलेला होता आणि तारे वर झळकत होते. लोकांनी तारे वाचले.

फारच वाईट घरांसाठी एक खास यादी आहे. तिच्यात देशभरातून जास्तीत जास्त ८८ घरं बसतात. त्या मानाला पात्र असलेली आणखी चारेकशे घरं बाहेर उमेदवार म्हणून थांबलेली असतात. २०१९ पर्यंत या उमेदवारांची नावं गुप्त होती. पेनसिल्व्हेनियाच्या दोन सेनेटरांनी ती फोडली, तेव्हा कुठे ती छापायला सुरुवात झाली. नाव बाहेर आलं म्हणून घर सुधारेलच, असं नाही. वाईटपणातही प्रतीक्षायादी असावी, हे पाहून रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर उभं राहिलेल्या कोणत्याही भारतीयाला आपुलकी वाटावी. आपल्याकडे तर तारेच नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांसाठी एक तरी वृद्धाश्रम काढण्याची मुभा राज्य सरकारांना दिली, आणि सरकारांनी त्या मुभेचा मान राखत फारशी घाई केली नाही.

अमेरिकन सरकारने घाई केली, नाही असं नाही. सगळ्या रोगांचं मूळ कमी माणसं हेच आहे, हे अभ्यासकांनी कित्येक वर्षं ओरडून सांगितल्यावर २०२४ मध्ये नियम आला: प्रत्येक रुग्णामागे दिवसाला किमान ३.४८ तासांची शुश्रूषा, पैकी २.४५ तास मदतनिसांची, आणि नोंदणीकृत नर्स चोवीस तास हजर. नर्सिंग होमच्या संघटना कोर्टात गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या एका संघीय न्यायाधीशांनी नियमाचा गाभाच रद्द केला. जुलैमध्ये काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखून धरली. तेव्हा पंचाऐंशीच्या असलेल्या आजीबाईंनी चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत बेल दाबून वाट पाहावी, असा हिशेब झाला. डिसेंबरमध्ये सरकारने नियमच मागे घेतला, त्यामुळे आता तेवढीही वाट पाहायला नको.