करमुक्त चहा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसंतात दोन गोष्टींना बहर येतो : डॉगवुडच्या झाडांना आणि जुन्या घरांच्या वर्गण्यांना. ब्रिटिश अमदानीत बांधलेलं, आता संग्रहालय झालेलं एखादं घर. मागे नीटस कातरलेली बाग. हिरवळीवर पांढरीशुभ्र टेबलं, काकडीची सँडविचं, स्कोन आणि फुलं खोचलेल्या टोप्या घातलेल्या बायका. तिकीट काढायचं, चहा प्यायचा, पैसे छपराच्या दुरुस्तीला. जुन्या घराचं छप्पर कायम गळत असतं, त्यामुळे चहाही दरवर्षी असतो. इथवर कुणाला नाव ठेवण्यासारखं काही नाही.

फक्त हे घर कुणाचं होतं ते विचारू नये. ज्यांनी चहा सोडला, त्यांच्याच दारात हा चहा चालतो.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, हे शाळेत सगळेच शिकतात. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १७७४ रोजी, नॉर्थ कॅरोलिनातल्या एडेन्टन गावात ५१ बायकांनी इंग्रजी चहा आणि कापडावरच्या बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. खाली आपापली नावं, उघडउघड. पुढारीण म्हणून पेनेलपी बार्करचं नाव परंपरेनं सांगतात. लंडनला हसू आवरेना. १७७५ च्या मार्चमध्ये तिथे एक व्यंगचित्रच निघालं : बेढब बाया सह्या करताहेत, टेबलाखाली पोर आणि कुत्रा. आज त्याच गावात तोफेच्या नळीवर काशाची चहाची किटली बसवलेली आहे. बहिष्कार ज्याच्यावर घातला त्याचंच स्मारक, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

भांडण चहाशी नव्हतंच म्हणा, कराशी होतं. पौंडाला तीन पेन्स. गंमत अशी की १७७३ च्या कायद्यानं कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता. पोट दुखलं ते चोरून डच चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचंही, पण स्मारकांवर त्यांची नावं वेगळ्या कारणासाठी कोरतात. आणि आता पाहा. धर्मादाय संस्थेच्या चहापानाचं तिकीट काढलं, की चहा-फराळाची किंमत वजा जाता उरलेली रक्कम अमेरिकन प्राप्तिकरात देणगी म्हणून दाखवता येते. तिकीट ७५ डॉलरच्या वर असेल, तर पाहुण्याच्या पोटात गेलेल्या मालाची किंमत अंदाजे किती, हे संस्थेनं लेखी कळवावं लागतं. पूर्वजांनी करापायी चहा फेकला, वंशज कर वाचवायला चहा पितात. क्रांती सफल झाली म्हणायची.

कंपनीचं त्या पेट्यांवाचून फार अडलं नाही. बोस्टननंतर वर्षभरानं, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, तिच्या मुंबईच्या फौजेनं मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण गेलेले कॉर्नवॉलिससाहेब १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरले. तिथे नापास झालेल्याला इथे बढती.

बागेतल्या चहाचा थाटही त्या काळचा नव्हे. दुपारच्या चहाची ही खानदानी रीत इंग्लंडात रुळली १८४० च्या सुमारास. बोस्टनच्या पेट्यांतला चहा सगळा चिनी होता; आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ साली. म्हणजे राज्यक्रांतीतल्या घरात, व्हिक्टोरियाच्या काळातली ऐट, आणि कपात कदाचित आपल्या मजुरांनी खुडलेली पानं. इतिहास जपण्यासाठी इतकं विसरावं लागतं.

पण वर्गणी काढणाऱ्या बायकांना हसू नये. माउंट व्हर्नन हे वॉशिंग्टनचं घर पडायला आलं, तेव्हा सरकारनं हात वर केले. १८५३ मध्ये अॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी बायकांची संघटना उभारली, वर्गणी मागितली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला घराचा सौदा केला. आजही घर त्याच संघटनेचं आहे आणि सरकारी अनुदान ती घेत नाही. आपल्याकडे वाडा ढासळला की आधी घोषणा, मग समिती, मग समितीचा चहा. तोही सरकारी.

मात्र एडेन्टनमधली खाऊ विकून पैसे जमवणारी मोठी बाई टोपीवाली नव्हती. ती गुलाम होती. हॅरिएट जेकब्ज या लेखिकेची आजी. मालकिणीचं काम दिवसभर उरकायचं आणि रात्री भट्टीवर बसून बिस्किटं भाजायची. गावभर त्यांना मागणी. हेतू एकच, आपली पोरं विकत घेऊन सोडवायची. ३०० डॉलर साठले. मालकिणीनं ते उसने मागितले आणि परत कधी दिले नाहीत. गुलामाला दिलेला शब्द किंवा कागद कायद्यानं बंधनकारकच नव्हता, दावा कुठे लावणार? त्या पैशांतून मालकिणीकडे चांदीचं शमादान आलं. हे सगळं हॅरिएटनं १८६१ मध्ये छापलेल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. ती स्वतः मालकाच्या तावडीतून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर, नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच अशा पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. खाली गाव, ज्या गावात बायकांनी स्वातंत्र्यासाठी चहा सोडला होता.

न्यू जर्सीत, व्हर्जिनियात आपली मंडळी आता पुष्कळ आहेत आणि असल्या चहाची आमंत्रणं त्यांनाही येतात. जरूर जा, तिकीट काढा, छप्पर खरंच गळतंय. स्कोन संपला की दिवाणखान्यात चक्कर मारा. लखलखीत घासून ठेवलेली चांदी दिसेल. ती कोणत्या कारागिराची हे वाटाड्या आपणहून सांगेल. कुणाच्या पैशांची, ते तुम्ही विचारा.