लायसनवाले तात्या

लग्नात अक्षता टाकताना काही माणसांचा उजवा हात गरजेपेक्षा वीतभर जास्त वर जातो. अक्षता नवरा-नवरीवर पडतात की भटजींच्या टकलावर, याची त्यांना फिकीर नसते. हाताबरोबर शर्ट वर सरकला पाहिजे आणि कमरेचं काळं चामडी कव्हर मागच्या चार रांगांना दिसलं पाहिजे, एवढाच हेतू. वरवंड-पाटस-चौफुला पट्ट्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात सीझनला असा एक तरी हात दिसतोच. आमच्याकडचा हात तात्यांचा. दर गावाला एक तात्या असतात. कुठं त्यांना आबा म्हणतात, कुठं अध्यक्ष, पण कव्हर तेच.

कव्हर रिकामं असतं, हे सांगायला हरकत नाही. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत शस्त्र न्यायचं नाही ही परवान्याचीच अट आहे, आणि तात्या कायद्याला भिणारे गृहस्थ आहेत. रिव्हॉल्व्हर घरी कपाटात. कव्हरात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी. एकदा मंगलाष्टकं चालू असताना शेजारच्या पाहुण्यानं हळूच विचारलं, "तात्या, भरलेलं असतं का वो?" तात्या म्हणाले, "कायम." खोटं कुठं बोलले?

तात्यांचं शस्त्रागार दोन नगांचं. एक दुनळी बारा बोर, आजोबांची, वारसानं आलेली. नळीवर बर्मिंगहॅमचं नाव कोरलंय, त्यातली निम्मी अक्षरं पुसून पुसून गेली आहेत. दुसरं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. पूर्वी तिसरीही होती, पणजोबांची ठासणीची. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मर्यादा आली. वारसाची असली तरी सुटका नाही. ठासणीची जमा झाली, त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. ती बंदूक त्यांच्या जन्मापासून कुणी उडवली नव्हती, आणि उडवली असती तर उडवणाराच उडाला असता, हा भाग वेगळा.

दुनळीसाठी फार खटपट करावी लागली नाही. रिव्हॉल्व्हरच्या अर्जाला मात्र कारण लागतं: जिवाला धोका. धोका आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणापासून? इथं तात्या अडकले. गावात त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. उधारी वेळेवर, पंक्तीत वाढायला पुढं, भांडण लागलं की मध्ये पडून दोघांना चहा पाजणार. अशा माणसाच्या वाईटावर कोण असणार? शेवटी भावकी धावून आली. बांधावरच्या लिंबाच्या सावलीवरून चुलतभावाशी रीतसर तंटा झाला, शिव्यांची देवाणघेवाण झाली, ठाण्यात एनसी नोंदवली गेली. चुलतभावानं त्याबद्दल काही मागितलं नाही. "भाऊ भावाच्या उपयोगी नाही पडणार तर कोण?" एवढंच म्हणाला. मग मेडिकल, मग शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण, मग पोलीस चौकशी, मग जिल्हाधिकारी कार्यालयाचे खेटे. लायसन हातात आलं तेव्हा पहिला पेढा चुलतभावालाच.

लायसनमुळं घरात सुरक्षा वाढली की नाही, यावर काकूंचं मत वेगळं आहे. पूर्वी घराला कुलूप लावून दोघं खुशाल पंढरपूरला जात. आता एकानं मागं राहावं लागतं, बंदुका राखायला. बंदूक चोरीला गेली तर चोरापेक्षा मालकाचीच चौकशी जास्त, हे तात्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. काकू म्हणतात, "गुरं असती तर दूध तरी दिलं असतं."

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पंचक्रोशीतल्या बंदूकवाल्या मंडळींचा मेळा तात्यांच्या ओसरीवर भरतो. सतरंजीवर दुनळी, तिच्या नळीत झेंडूचं फूल. शेजारी रिव्हॉल्व्हर, चाकात चिमटीभर हळदकुंकू, जे पुढं दिवाळीपर्यंत निघत नाही. सुभेदार येतात. फौजेतून रिटायर झाल्यापासून बँकेच्या दारात उभे असतात, खांद्याला एकनळी. जमीन कंपनीला गेल्यापासून गळ्यात बोटाएवढी साखळी घालणारे शेठ येतात, त्यांच्याकडं 'निर्भीक'. 2014 साली निर्भया प्रकरणानंतर कानपूरच्या कारखान्यानं खास महिलांसाठी म्हणून काढलेलं, अर्ध्या किलोचं, पर्समध्ये मावणारं रिव्हॉल्व्हर. शेठना हे कुणी सांगितलेलं नाही. त्यांना फक्त किंमत ठाऊक आहे, सव्वा लाखाच्या घरात, आणि ती ते दर वाक्याला सांगतात. छऱ्याची बंदूक घेऊन आलेली पोरंही असतात. तिला लायसन लागत नाही म्हणून त्यांना सतरंजीवर जागा नसते, पायरीवर बसवतात. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ आणलं त्या आठवड्यात मात्र पायरीवाल्यांचा भाव वधारला होता. तात्याही सांगत फिरत होते, "कोल्हापूरचं पोरगं, आपल्याच लायनीतलं."

पूजा झाली की खरा कार्यक्रम. तात्या दुनळी मोडून प्रकाशात धरतात, एक डोळा मिटून नळीतून आभाळ बघतात. आजोबांपासून चालत आलेला हा विधी. मग शिलाई मशीनचं तेल, मग चिंधी. सुभेदारांना हे बघवत नाही. ते खिशातून आपली दोरी काढतात, टोकाला फलालैनीचा तुकडा अडकवतात आणि एका झटक्यात नळीतून आरपार ओढून घेतात. चिंधी बाहेर येते ती काळी नाही, तांबडी. गंज. सगळे चिंधीकडं बघतात आणि कुणी काही बोलत नाही. मग तात्या विषय बदलायला काडतुसांचा डबा उघडतात. "ही बघा, इम्पोर्टेड." बुडाच्या पितळेवर इंग्रजीत 'केएफ' उमटलेलं. सुभेदार म्हणतात, "तात्या, केएफ म्हणजे खडकी. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. 1869 सालापासून चालू आहे." तात्या डबा मिटतात. "पण माल इंग्रजांच्या टायमाचा," म्हणतात.

गेल्या खेपेला बैठकीला परदेशी पाहुणा होता, व्हिडिओ कॉलवर. तात्यांचा पुतण्या टेक्सासला असतो, ग्रीन कार्डवाला. तिकडं पहाट होती, तरी पठ्ठ्यानं फोन भिंतीकडं वळवला. भिंतीवर सात बंदुका, खुंट्यांवर ओळीनं, जशा आपल्याकडं पाहुण्यांच्या टोप्या. ओसरी गप्प झाली. सातपैकी एकीच्या तोंडाला शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखी जाड काळी नळी बसवलेली.

"हा सायलेन्सर, तात्या. कानाला त्रास नको म्हणून."

त्यानं माहिती दिली. 1909 साली हिराम पर्सी मॅक्सिम नावाच्या माणसानं याचं पेटंट घेतलं. बाप मशीनगन काढणारा मॅक्सिम, पोरगा आवाज दाबणारा. 1934 पासून अमेरिकेत सायलेन्सर घ्यायचा तर सरकारला दोनशे डॉलर कर भरावा लागे, तो 2026 च्या 1 जानेवारीपासून शून्यावर आला. पिक्चरमध्ये 'फुस्स' होतं तसं काही होत नाही. बंदुकीचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढं, त्यातले वीस-तीस कमी होतात, म्हणजे बार तो बारच. नॉर्वे, फिनलंडकडं शिकारी सर्रास लावतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

"आपल्याकडं मिळंल का?" शेठनी लगेच किंमत विचारायच्या तयारीत पुढं सरकून म्हटलं.

सुभेदारांना कलमं पाठ असतात, बँकेच्या दारात उभं राहून दुसरं काय करणार? ते म्हणाले, 1959 च्या शस्त्र कायद्यात 'फायरआर्म'ची जी व्याख्या आहे, त्या व्याख्येतच आवाज नाहीतर उजेड कमी करायची वस्तू धरलेली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी सायलेन्सर हा बंदुकीचा भाग नाही, सायलेन्सर हीच बंदूक. बंदूक नसताना नुसता सायलेन्सर सापडला तरी बंदूक सापडली.

तात्यांनी बोटं मोजली. दुनळी एक. रिव्हॉल्व्हर दोन. सायलेन्सर...

"म्हंजी तिसरं अपत्य," ते म्हणाले. "सदस्यत्वच रद्द."

ज्या गावात तिसऱ्या मुलापायी सरपंचकीची स्वप्नं विझतात, तिथं शस्त्र कायद्याचं याहून नेमकं भाष्य कुठला वकील करणार? विषय तिथंच संपायचा, पण तेवढ्यात शेठच्या चिरंजीवांची बुलेट वाड्यापुढून गेली. तिचा सायलेन्सर त्यानं काढून दुसराच फटाकेवाला बसवलाय, गल्लीतली कुत्री अजून सावरलेली नाहीत. असले सायलेन्सर पोलीस जप्त करून रोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात, तरी पोरं ऐकत नाहीत. आवाज विरल्यावर तात्या पुतण्याला म्हणाले, "अरं, आवाजच आला नाही तर आपल्याकडं हाय हे गावाला कळायचं कसं?" पुतण्याकडं यावर उत्तर नव्हतं. सात बंदुका असून त्याच्या शेजाऱ्याला त्याचं नाव येत नाही, हे त्यानंच मागं सांगितलं होतं.

तशी तात्यांच्या बंदुकीला एकदा आवाज करायची संधी आली होती. उसाची तोड चालू झाली की बिबटे बाहेर पडतात, शिरूरकडचं दुखणं आता दौंडलाही आहे, आणि त्यात माणसं जातात, तेव्हा हा सगळाच चेष्टेचा विषय नाही. त्या रात्री बिबट्या गोठ्याच्या भिंतीवर येऊन बसला. तात्या कपाटाकडं धावले. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात. कपाटात आतली तिजोरी, तिची किल्ली काकूंच्या कनवटीला. काडतुसं नियमाप्रमाणं वेगळीकडं, म्हणजे माळ्यावर, लोणच्याच्या बरणीमागं. तात्या शिडीवर असताना खाली काकूंनी परात उचलली आणि पळीनं बडवायला सुरुवात केली. बिबट्यानं एकवार काकूंकडं पाहिलं आणि उसात उडी टाकली. तात्या काडतूस घेऊन उतरले तेव्हा काकू परात घासत होत्या, पोचा आला होता. दुसऱ्या दिवशी चावडीवर तात्या म्हणाले, "वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो. माझे हात बांधलेत, नायतर..." नायतर काय, ते विचारायची पद्धत नाही.

तात्यांच्या बंदुका नियमानं बाहेर पडतात त्या फक्त निवडणुकीला. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांची छाननी होते आणि कुणाकुणाची शस्त्रं मतदानापुरती जमा करायची ते ठरतं. शहरातल्या माणसाला ही कटकट वाटेल. गावात नोटीस येणं म्हणजे सरकारनं दिलेलं वजनाचं सर्टिफिकेट. नोटीस आली की माणूस चारचौघांत कपाळाला हात लावतो, "काय राव, पुन्हा आमच्याच मागं," आणि मोबाईलमधला तिचा फोटो आलटून पालटून सगळ्यांना दाखवतो.

2024 साली दसरा 12 ऑक्टोबरला झाला आणि विधानसभेची आचारसंहिता 15 ला लागली. झेंडू सुकायच्या आत शेठना नोटीस आली. बँकेच्या नोकरीमुळं सुभेदारांना सूट, तेही एका अर्थी मानाचंच. तात्यांना काहीच नाही. चार दिवस त्यांनी पोस्टमनला चहा पाजला. पाचव्या दिवशी दोन्ही बंदुका गोणपाटात गुंडाळून, चुलतभावाला गाडीवर मागं बसवून, स्वतःच ठाण्यात गेले.

हवालदारानं यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. "तुमचं नाव नाही यात. घरी घेऊन जा."

"नीट बघा. माझ्यापासून कुणालाच धोका नाही?"

"नाही दिसत."

तात्यांनी चुलतभावाकडं पाहिलं. चुलतभाऊ पुढं झाला. "साहेब, ह्यानं मागं लिंबाच्या सावलीवरनं मला लई वंगाळ शिव्या दिल्या होत्या. एनसी हाय बघा."

हवालदारानं पेनचं टोपण काढलं. "बरं, अर्ज द्या. स्वभाव कसा लिहू?"

"तापट," तात्या म्हणाले, आणि बाकावर सरकून चुलतभावाला बसायला जागा करून दिली.