ओला-सुका काका

निवृत्त माणसाला पूर्वी दोनच वाटा मोकळ्या होत्या. एक ज्ञानेश्वरीकडे जायची, दुसरी शेअर बाजाराकडे. अलीकडे तिसरी फुटली आहे आणि ती बाल्कनीतल्या कंपोस्टच्या पिंपापाशी जाऊन थांबते. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत शिरा. एखाद्या दाराबाहेर तीन डबे आणि दारावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली सूचना दिसली की समजावं, तो इथे राहतो. नावाची पाटी वाचायची गरज नाही. आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्याचं बारसं केव्हाच उरकलंय: ओला-सुका काका.

वय बासष्ट ते बहात्तर. नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर सरकारी खात्यात झालेली, त्यामुळे रजिस्टर ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबावर लाल पेन फिरवलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही. ती नजर मग घरातल्या नळावर, शेगडीवर आणि केराच्या डब्यावर येऊन स्थिरावते. खिशात पेन, हातात कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत आणखी एक कापडी पिशवी. न जाणो, लागली तर.

या काकांची सुरुवात नेहमी खरेदीने होते. पृथ्वी वाचवायची तर आधी काहीतरी विकत आणलं पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. दात घासायचे बांबूचे ब्रश आले. खोक्यात खोकं, त्यात फुगेवालं प्लास्टिक, त्यात चार ब्रश. दांडा बांबूचा आणि केस नायलॉनचेच. मग स्टीलच्या स्ट्रॉ आल्या, सोबत त्या आतून घासायचा निराळा ब्रश. ज्या घरात ताक वाटीला तोंड लावून आणि कोकम सरबत फुलपात्राने पितात, तिथे स्ट्रॉचं काम काय, असं काकूंनी एकदाच विचारलं. सध्या त्यांतली एक कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपाला आधार देते. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठरला, आणि जो उठला तो कापडी पिशव्या वाटत सुटला. काकांनी एकही सोडली नाही. कापूस पिकवायला लागणारं पाणी हिशेबात धरलं तर एक कापडी पिशवी वर्षानुवर्षं वापरावी तेव्हा कुठे ती पृथ्वीला परवडते. काकांच्या कपाटात दर पिशवीची पाळी या दिवाळीनंतर पुढच्या दिवाळीला येते.

खरेदीनंतर बचत. "अगं, एकाच कुकरमध्ये भात, वरण आणि बटाटे एकावर एक लावले तर किती गॅस वाचेल!" काका एका सकाळी म्हणाले. काकूंनी कुकर उघडून आतले तीन डबे दाखवले. "आणि लग्न झाल्यापासून तुम्ही दुसरं काय जेवताय?" काका नमले नाहीत. डाळ आधी भिजत घातली तर... "घातलीय." पहिल्या शिट्टीनंतर आच कमी केली तर... "केलीय." शेवटी रजिस्टरात 'स्वयंपाकघर: समाधानकारक' असा शेरा मारून ते बाहेरच्या खोलीत आले. तिथे मात्र त्यांना यश आलं. जुना पंखा ७५ वॅट खायचा, बीएलडीसीचा नवा तीसच्या आसपास भागवतो. घरातले सगळे पंखे बदलले, बिल उतरलं, आणि त्या आनंदात काका शेजाऱ्यांच्या घरात शिरले. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स वीज खातच राहतो हे अगदी खरं. पण मालिकेत सासू खरं काय ते सांगणार, नेमक्या त्या क्षणी बटण बंद करून ते सिद्ध करायलाच हवं होतं असं नाही. एसी त्यांच्या स्वतःच्या घरी नाही, त्यामुळे तो २४ अंशांवरच ठेवला पाहिजे याबाबत ते फार कडक आहेत. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे ते घामाने निथळणाऱ्या माणसाला अतिशय शांतपणे सांगू शकतात.

मग आला टीडीएस मीटर. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी ही पेनाएवढी वस्तू ज्या काकांच्या हाती पडली त्यांच्या नातेवाइकांची मला दया येते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने म्हटलं होतं की लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओ यंत्रावर बंदी घाला, कारण एक लिटर पिण्याजोगं पाणी काढताना ते यंत्र तीन-तीन लिटर मोरीत सोडतं. काकांनी नळाचं पाणी मोजलं. खडकवासल्याचं पाणी ते, आकडा पाचशेच्या जवळपासही फिरकला नाही. त्यांनी यंत्र काढून साधा फिल्टर बसवला, आणि त्यात ते शंभर टक्के बरोबर होते. इथेच थांबले असते तर हा लेख झाला नसता. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले असताना, तिने पाण्याचा ट्रे पुढे केल्याबरोबर काकांनी खिशातून मीटर काढून पेल्यात बुडवला. बोअरचं पाणी होतं. "स्थळ उत्तम आहे," बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "पण टीडीएस सातशे." लग्न जमलं. आपला काढून ठेवलेला आरओ काकांनी व्याह्यांकडे आहेर म्हणून पोहोचवला, आणि तिथे त्याची खरोखरच गरज होती.

पण काकांची कीर्ती वाढली ती बायोएन्झाइममुळे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने धीर. फरशी पुसायला, मोरी घासायला याहून स्वस्त द्रव नाही. गूळ त्यांनी कोल्हापूरचाच घेतला, जणू जंतूंना फरक कळतो. अडचण बाटलीची होती. आतल्या वायूने काच फुटते, म्हणून प्लास्टिकचीच हवी, आणि काकांच्या घरात प्लास्टिकला बंदी. मग ज्या ज्या घरातल्या पोरांना त्यांनी कोलावरून बोल लावले होते, त्या त्या दारात जाऊन रिकाम्या बाटल्या मागितल्या. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. काकांनी त्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं, आणि मग दोघं एका मुंजीला गावाला गेली.

मी बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. भर दुपारी वर पहिला आवाज झाला तेव्हा कोणीतरी कपाट पाडलं असं वाटलं. दुसऱ्या आवाजाला वॉचमनने पाइप गॅसचा मुख्य कॉक बंद केला. तिसऱ्याला सेक्रेटरी अनवाणी खाली आले. शेजारच्यांकडच्या किल्लीने दार उघडलं तर स्वयंपाकघराच्या छतावर संत्र्याच्या साली, आणि कालनिर्णयवरची संकष्टी गुळाच्या पाण्याने झाकलेली. सगळ्या इमारतीत आंबटगोड वास दरवळत होता, आणि मुंग्यांना हे आमंत्रण आमच्या आधी पोहोचलं होतं. परतल्यावर काकूंनी एक शब्द काढला नाही. त्यांनी शिडी आणली, फडकं आणलं आणि दोन्ही काकांच्या हातात दिली. माझ्या माहितीत काकांनी स्वतःच्या हाताने केलेलं हे पहिलं पर्यावरणकार्य. एरवी रजिस्टर त्यांचं आणि हात काकूंचे, नाहीतर कामाच्या मावशींचे. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर कोण वाळत घालतं, गरम पाणी येईपर्यंत नळातून येणारं गार पाणी बादलीत धरून ती बादली झाडांपर्यंत कोण नेतं, याचा रकाना त्या रजिस्टरात नाही.

कंपोस्टची गोष्ट थोडी निराळी आहे. काकांच्या थोरल्या बहिणीचं सासर फुरसुंगीचं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या माथी मारला गेला, तिथल्या विहिरी नासल्या, आणि असह्य झालं तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले की आपण नाकाला रुमाल लावायचो, पालिकेला नावं ठेवायचो. बहिणीने काकांना फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुमच्या उष्ट्याचा वास तुम्हाला चार दिवस नाही सोसवत?" त्यानंतर त्यांच्या घरातून ओला कचरा फाटकाबाहेर गेलेला नाही. हे मी विनोदाने सांगत नाही.

विनोद पुढे झाला. पहिल्या पिंपात त्यांनी नुसती भाजीची देठं, उरलेली आमटी आणि शिळी पोळी ओतली. सुकं काही नाही. अशा पिंपात खत होत नाही, चिखल होतो, आणि तो चिखल माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर ठिबकला. ओल्याच्या प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा कोकोपीट पसरायचं, विरजण म्हणून आंबट ताक शिंपडायचं आणि मधूनमधून हलवायचं, हे कळल्यावर वास गेला. मग ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीने पिंपात अंडी घातली. तिच्या अळ्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा मात्र झपाट्याने फस्त करतात. फक्त पोट भरल्यावर त्या कोरडी जागा शोधत पिंपाबाहेर निघतात. सकाळी सात वाजता समोरच्या आजींनी पायपुसण्यावरून दूध उचलायला हात घातला आणि किंचाळल्या. काका धावत आले. "घाबरू नका आजी, हे आपले कामगार आहेत." आतून काकूंचा आवाज आला, "मग त्यांना सांगा, पाळी संपली की घरी जायचं. दुसऱ्यांच्या नाही."

वैयक्तिक यशानंतर माणसाला समाज सुधारावासा वाटतो. काकांनी पाच रंगांचा वर्गीकरण तक्ता केला आणि भिजू नये म्हणून लॅमिनेट करून प्रत्येक मजल्यावर लावला. प्लास्टिकविरोधाचा मजकूर प्लास्टिकमध्ये बंद झालेला बघून सेक्रेटरी गालातल्या गालात हसले. मग काकांनी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना थांबवून वर्गीकरणाचं महत्त्व समजावायला घेतलं. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. ताईंची सासू संघटनेतली, ताई संस्थेच्या सभासद. कुठलं प्लास्टिक भंगारात जाईल आणि कुठलं नाही, हे त्या पिशवी नुसती चुरगळून आवाजावरून सांगतात. त्यांनी व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, ते रंगबिंग राहू द्या," त्या म्हणाल्या. "पॅड अन् बाळाचे डायपर तेवढे कागदात गुंडाळा आणि वर लाल टिपका द्या. माझा हात जातो त्यात. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापू नका, लोंबता ठेवा. तो एवढासा तुकडा कोण वेचणार?"

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा तिहेरी विभाग होता, सॅनिटरी कचरा गुंडाळून द्यायचं कलमही होतं. काकांना ते कलमासकट पाठ होतं. कोणाचा हात त्यात जातो, हे त्या दिवशी कळलं. तक्ते उतरले. लाल स्केचपेनं मात्र त्यांनी घरोघर वाटली, आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी ती वापरली.

वार्षिक सभेत सामाईक कंपोस्टचा ठराव आला तेव्हा पृथ्वीच्या भवितव्यावर काका वीस मिनिटं बोलले आणि लोकांनी वडे संपवले. मग कोणीतरी विचारलं, गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी यांतलं एक केलं तर महापालिका मिळकतकरात पाच टक्के सूट देते आणि दोन केली तर दहा, हे खरं का? काका म्हणाले, खरं. ठराव एकमताने मंजूर. सूचक म्हणून सेक्रेटरींनी स्वतःचं नाव घातलं.

काकांच्या शेकडा ऐंशी योजना वाया गेल्या, हे मी शेजारधर्म बाजूला ठेवून सांगतो. टिकल्या त्या सगळ्या नीरस निघाल्या: दोन डबे, लाल टिपका, पिशवीचा लोंबता कोपरा, शॉवरऐवजी बादली, आणि असलेली वस्तू फाटेपर्यंत नवी न आणणं. यात दाखवण्याजोगं काही नाही, म्हणून काकांचा जीवही त्यात रमत नाही. त्यांना नावीन्य लागतं. सध्या ते गच्चीवर सौरचुलीत शेंगदाणे भाजतात, सकाळी ठेवतात, दुपारी काढतात आणि काकू संध्याकाळी ते गॅसवर पुन्हा भाजून घेतात. रोजचा नेम काकूंनी, ताईंनी आणि मावशींनी चालवला आहे. तरीही काका नसते तर आमच्या फाटकातून आजही सगळा कचरा एकाच काळ्या पिशवीतून बाहेर पडला असता. माणूस असह्य आहे, पण इमारतीत एक असावा. दोन नसावेत.

एक विनंती. आमच्या सामाईक पिंपाला उन्हाळ्यानंतर वाळका पाला कमी पडतो. तुमच्या आवारात झाडलोटीचा पाला जमत असेल तर काडी लावू नका, पोत्यात भरून ठेवा आणि निरोप द्या. काका स्वतः येऊन घेऊन जातील. आल्यावर चहा विचारायला हरकत नाही, मात्र उरलेला चोथा ते मागून नेतील, आणि जाण्यापूर्वी तुमच्या पेल्यात मीटर बुडवतील.